गळ्यात स्कार्फ घालण्याआधी: कोकणात स्काऊट पथक चालवू पाहणाऱ्यांसाठी

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. शिक्षक मी कधीच नव्हतो. गावच्या हायस्कुलातलं स्काऊट पथक दोरी माझ्याकडून न्यायचं, आणि एका जूनमध्ये पथक चालवणाऱ्या सरांची बदली झाली. मुख्याध्यापक दुकानात आले ते दोरीसाठी नाही, माणसासाठी. "शनिवारी एक तास फक्त," असं म्हणाले. त्याला आता अकरा वर्षं झाली आणि तो तास अजून संपायचाय. त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमाने लिहितोय. दापोली असो, देवगड असो की श्रीवर्धन, समुद्रकाठच्या गावात हे काम साधारण सारखंच असतं.

आधी हिशोब वेळेचा

'एक तास' हे खोटं आहे. साप्ताहिक सभा दीड तासाची. तिच्या तयारीला तेवढाच वेळ, शिवाय पालकांचे फोन, नोंदवह्या, सामान वाळवणं. आठवड्याला पाच तास धरून चला. वर्षाला एक मुक्कामी शिबिर, दोन-तीन दिवसभराच्या सहली आणि पहिल्या दोन वर्षांत तुमचं स्वतःचं प्रशिक्षण. घरच्यांशी हे आधी बोला. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आंब्याच्या दिवसांत काय करणार?" प्रश्न बरोबर होता. एप्रिल-मे मध्ये आमचं पथक बंदच असतं, कारण निम्मी मुलं बागेत आणि उरलेली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांबरोबर.

कुणाला भेटायचं, कागद कुठले

भारतात ही चळवळ प्रामुख्याने 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' चालवते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ती उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी गाईड्सही त्यात सामील झाल्या. प्रत्येक जिल्ह्यात तिचं काम बघणारा जिल्हा संघटक असतो. तो सापडत नसेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विचारा, किंवा ज्या शाळेत पथक नक्की चालू आहे तिथल्या शिक्षकांना गाठा. दुसरा रस्ता लवकर पोचतो.

बहुतेक पथकं शाळेची असतात, पण शाळेबाहेर मुक्त पथकही काढता येतं. माझा सल्ला, पहिली दोन वर्षं शाळेच्या आधारानेच काढा. पटांगण मिळतं, पावसाळ्यात वर्ग मिळतो आणि पालकांचा विश्वास तयार असतो. मुक्त पथकात छप्परापासून सुरुवात करावी लागते, आणि आपल्याकडे चार महिने छप्पर हीच मुख्य अडचण.

कुठल्या वयाची मुलं घ्यायची हे आधी ठरवा. पाच ते दहा वर्षांची मुलं कब, मुली बुलबुल. दहा ते सतरा स्काऊट आणि गाईड. त्याहून मोठी मुलं रोव्हर, मुली रेंजर. गाईड पथकाला महिला नेता लागते, तिला गाईड कॅप्टन म्हणतात. आमच्या गावात ही जागा चार वर्षं रिकामी होती आणि मुली खिडकीतून आमची सभा बघत उभ्या राहायच्या. शेवटी अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या. तुमच्याकडे अशी कोणी ताई दिसत असेल तर आजच विचारा.

पथकाची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. तुमच्या नेमणुकीचं वॉरंट प्रशिक्षणानंतर मिळतं. कोणी मागो न मागो, पोलीस पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून शाळेत द्या. लोकांची मुलं आपल्या हाती येणार आहेत, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

प्रशिक्षण टाळू नका

पहिला टप्पा बेसिक कोर्स. सात दिवस मुक्कामी. त्यानंतर काही काळ पथक चालवून मग ॲडव्हान्स, आणि त्याच्या पुढे हिमालय वुड बॅज. मध्य प्रदेशातल्या पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, वुड बॅजवाले बरेचसे तिकडचं नाव काढून डोळे मिटतात. गळ्यात चामडी वादीला लाकडाचे दोन मणी घातलेला माणूस दिसला तर तो या टप्प्यातून गेला आहे असं समजा. ही मण्यांची रीत १९१९ मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कच्या पहिल्या वर्गापासूनची.

बेसिक कोर्सचा खरा उपयोग गाठी शिकण्यात नाही. चाळिशीतल्या माणसाला सात दिवस सहाजणांच्या संघात राहून, पाळीने भांडी घासून, दुसऱ्या कुणाच्या हुकमाने उठावं लागतं, तेव्हा बारा वर्षांच्या पोराला शिबिरात काय वाटतं ते कळतं. मी तिसऱ्या दिवशी संघनायकाशी भांडलो होतो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

संघ पाडणे: इथे सगळं काम आहे

पथक म्हणजे बत्तीस मुलांची रांग असं समजून चाललात तर सहा महिन्यांत घसा बसेल. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, एक उपनायक. असे चार संघ म्हणजे भरलेलं पथक. चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीस-एक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हाही त्यांना असंच लहान लहान संघांत वाटलं होतं. तेव्हापासून या पद्धतीला पर्याय सापडलेला नाही.

संघ पाडताना वाड्यांप्रमाणे पाडू नका. हा मोह फार होतो, कारण एकाच वाडीतली मुलं एकत्र येतात-जातात, सोयीचं पडतं. पण मग वरची वाडी आणि खालची वाडी, बंदरातले आणि सड्यावरचे (वरच्या कातळी पठारावरचे), हे गावचं जुनं भांडण तुमच्या पटांगणात उतरतं. मी एका बंदरावरच्या मुलाला दोन सड्यावरचे आणि एक बाजारपेठेतला असं मिसळतो. नावं मुलांना ठेवू द्या. आमच्याकडे खंड्या, समुद्रगरुड, खवल्या आणि कासव असे चार संघ आहेत. कासववाले शर्यतीत हरले की बाकीचे चिडवतात, आणि तरी त्यांनी नाव बदललेलं नाही.

संघनायक कसा निवडायचा? वर्गातला पहिला नंबर किंवा सरपंचांचा मुलगा आपोआप पुढे येतो. थांबा. दोन-तीन सभा नुसतं बघा, खेळ संपल्यावर सामान कोण उचलतं आणि लहान पोरं कुणाला विचारून पाणी प्यायला जातात. नायक तिथे सापडतो. त्याचं नाव संघातल्या मुलांकडूनच येऊ द्या.

महिन्यातून एकदा चारही नायकांची मानसभा भरवा. पुढच्या महिन्यात काय करायचं, शिस्तीचा प्रश्न कसा सोडवायचा, निधीतले पैसे कशावर खर्चायचे, हे तिथे ठरतं. तुम्ही बसायचं, सल्ला द्यायचा, आणि धोका नसेल तिथे त्यांचा निर्णय पाळायचा. हे वाचायला सोपं आहे. माझी जीभ अजून सळसळते.

ही गोष्ट मला कळली ती पौर्णिमेच्या एका रात्री. पहिलंच शिबिर, डिसेंबर, सुरूच्या बनाखाली पुळण बघून मी जागा ठरवली. कोळीवाड्यातला सातवीतला एक पोरगा दोनदा म्हणाला, "सर, हितं नको, उधानाचं पानी हितवर येतं." मी वर वाळलेलं गवत दाखवून त्याला गप्प केलं. रात्री साडेअकराला पहिल्या तंबूत पाणी शिरलं. कुणाला काही झालं नाही, अंथरुणं आणि दहा किलो तांदूळ तेवढे भिजले. पण अंधारात सामान वर ओढताना हुकूम तो देत होता आणि आम्ही सगळे ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून भरतीचा हिशोब शिकलो.

दीड तासाची सभा

वेळ शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा, पण आधी एसटीचं वेळापत्रक बघा. शेवटच्या वाडीतली गाडी चुकली तर मूल आठ किलोमीटर चालत जातं, आणि पुढच्या शनिवारी येत नाही.

झेंडा, प्रार्थना, हजेरी, तपासणी: पंधरा मिनिटांत उरका. नखं बघताना मुलाला लाजवू नका, लावणीच्या दिवसांत चिखल निघत नाही. मग पळापळीचा एक खेळ. त्यानंतर अर्धा तास एकच कौशल्य, तेही संघनायकांनी शिकवलेलं. नायकांना ते तुम्ही आदल्या गुरुवारी शिकवून ठेवलेलं असतं. मग त्याच कौशल्यावरची स्पर्धा, थोडी गाणी, शेवटी झेंडा उतरवणं. बस. भाषण पाच मिनिटांच्या वर गेलं की मागची रांग एकमेकांच्या स्कार्फला गाठी मारू लागते. त्या गाठी बहुधा बरोबर असतात.

नवीन मुलाला प्रवेश पूर्ण करायला साधारण तीन महिने द्या. वचन, नियम, डाव्या हाताचं हस्तांदोलन, तीन बोटांचं वंदन, झेंड्याची माहिती, रोजचं एक सत्कृत्य. मग दीक्षाविधी. नियम नऊ आहेत, ते पाठ म्हणवून घेऊ नका. एकेका सभेला एकेक नियम घ्या आणि मुलांना त्यावर प्रसंग करून दाखवायला सांगा. वचनात 'ईश्वर' शब्दाऐवजी 'धर्म' म्हणण्याची मुभा आहे, ती मुलांना आणि पालकांना सांगा. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. पालकांना शेवटच्या दोनच शब्दांत रस असतो आणि पहिल्या सभेलाच विचारतात, "मार्क किती वाढतात?" मी म्हणतो, आधी तंबू लावू दे त्याला.

गाठींच्या बाबतीत एक. रीफ, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाईन या गाठी पुस्तकातल्या नावाने शिकवाव्या लागतातच, पण त्याआधी मुलांना जेटीवर न्या. होडी बांधताना, जाळं जोडताना यातल्या कितीतरी गाठी तांडेल आणि खलाशी डोळे मिटून मारतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणायचं काम चालू असतं. जुलैची एखादी उघाडीची दुपार यासाठी उत्तम. परवानगी घ्या, चहा-बिस्किटं घेऊन जा आणि तुम्ही गप्प बसा.

भरतीचा हिशोब आणि पाण्याचे नियम

तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. उत्तर म्हणजे भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ. षष्ठीला सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. शुद्ध पक्ष, वद्य पक्ष दोन्हीकडे हाच हिशोब. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हे जमतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. प्रत्येक संघाला पंधरा दिवस बंदरावर खूण ठेवून प्रत्यक्ष वेळ लिहायला लावा आणि हिशोबाशी ताडून बघा. यासारखा अभ्यास कुठल्या पुस्तकात नाही. मात्र शिबिराची जागा ठरवताना छापील भरतीचं कोष्टकही बघा आणि भरतीच्या पाण्याच्या जुन्या रेषेच्या बरंच वर राहा.

पाण्याचे नियम मानसभेला विचारायचे नाहीत. हे तुमचे, आणि ते वाकत नाहीत:

- जून ते सप्टेंबर समुद्रात पाय घालायचा नाही. पोहता येणाऱ्यानेही नाही.
- इतर वेळी गुडघ्यापर्यंतच, जोडी-जोडीने, किनाऱ्यावर मोजणारा एक मोठा माणूस उभा असताना.
- खाडीच्या मुखाशी कधीच नाही. ओहोटीला तिथली ओढ भल्याभल्यांना नेते.
- कुणी बुडताना दिसलं तर मागून उडी नाही. काठी, दोरी किंवा कॅन फेकायचा.

त्या कॅनचा सराव दर वर्षी घ्या. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, आत थोडंसं पाणी म्हणजे फेकल्यावर लांब जातो, कडीला वीस मीटर दोरी. पटांगणावर एका मुलाला गवतात झोपवून सगळ्यांनी त्याच्या हाताशी कॅन टाकायचा. खर्च शून्य, आणि मुलांना हा खेळ वाटतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकून ओढीबाहेर पडायचं, हेही सांगून ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवेत.

शिबिर

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हाच आपला मोसम. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतो, सड्यावर एकटं झाडही नसतं आणि वीज उंच गोष्ट शोधत असते. मुलं त्या वेळी भातकापणीतही अडकलेली असतात. फेब्रुवारी संपला की जांभा तापतो.

जागा बघताना वर बघा. माडाखाली तंबू लावायचा नाही, नारळ कुणाचं वय विचारून पडत नाही. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधून हातभर खोल आडवी पुरायची. वाऱ्याला ती हलत नाही. लहान मुलांचं पहिलं शिबिर मात्र शाळेच्या व्हरांड्यात, एका रात्रीचं करा. घर सोडून झोपणं हीच त्यांची परीक्षा असते.

स्वयंपाक संघवार. माणशी एका जेवणाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम तांदूळ, चोवीस मुलांना तीन किलोच्या आतबाहेर. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री खिचडी. मासे नकोत, बर्फाशिवाय टिकत नाहीत आणि काहींच्या घरी वार असतात. पिठीत गुठळ्या होतील, भात खाली लागेल. पातेल्याजवळ जाऊ नका. लागलेला भात खाल्लेला संघ दुसऱ्या दिवशी आच कमी ठेवतो. पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्यालाच धरा, आणि विहिरीचं असेल तर उकळा.

साप. आपल्या जांभ्याच्या कातळात फुरसं खूप. दगड उलटायचे नाहीत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकून घालायचे. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव हलू न देता सरळ रुग्णालयात. म्हणून शिबिर ठरवण्याआधीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे स्वतः विचारून या. फोनवर विचारू नका. एका शिबिराआधी मला फोनवर 'आहे' असं सांगितलं गेलं होतं. गेलो तर कपाटाची किल्ली असलेला माणूस रजेवर होता. आम्ही जागा बदलली.

पालकांचं लेखी संमतीपत्र, मुलाला दमा, फिट, ॲलर्जी आहे का याची नोंद, आणि गाडीची व फोनची सोय असलेला एक मोठा माणूस शिबिरात कायम. याशिवाय निघायचं नाही.

मुलांची सुरक्षितता

इथे गोड बोलून चालत नाही. एका मुलाबरोबर बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत एकटं राहायचं नाही. नेहमी दोन मोठी माणसं. मोठ्यांचे तंबू वेगळे. मुलाशी खाजगी बोलायचं तर सगळ्यांना दिसेल असं, ऐकू न जाईल इतक्या अंतरावर. मुलांना एकेकट्याने रात्री मेसेज नाहीत, पालक असलेल्या गटावरच. शिक्षा म्हणून उन्हात उभं करणं, उठाबशा, उपाशी ठेवणं हे काहीही नाही.

एखाद्या मुलाने घरच्या किंवा बाहेरच्या अत्याचाराबद्दल सांगितलं तर शांतपणे ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते टाळणं गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक. गावात 'प्रकरण मिटवू' म्हणणारे भेटतील, त्यांत तुमचे गिऱ्हाईकही असतील. तरीही कळवायचं.

सेवा म्हणजे काय

झाडू घेऊन फोटो काढणं म्हणजे सेवा, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि फोन कितीतरी दिवस गेले. तेव्हा लक्षात आलं की गावात कुठल्या घरात म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलगा मुंबईला असतो, हे कागदावर कुठेच नाही. पुढच्या वर्षी चारही संघांनी गावाचा नकाशा काढला. एकटी वृद्ध माणसं, विहिरी, पक्की घरं, पऱ्या (ओढा) भरला की तुटणाऱ्या वाटा. दर मे महिन्यात सभा बंद असल्या तरी, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) तयारीबरोबर, नायक तो नकाशा दुरुस्त करतात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देतात. तुमच्या पथकाने एकच सेवाकार्य करायचं असेल तर हे करा.

पूर किंवा दरड कोसळलेल्या जागी मुलांना नेऊ नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आमची मोठी मुलं जायचा हट्ट धरून बसली होती. नेलं नाही. गावातच कपडे निवडणं, धान्याची पाकिटं बांधणं त्यांनी केलं, तेही रुसून.

पैसे आणि पेटी

वर्गणी किती घ्यायची ते पालकसभेत ठरवा, पावती द्या, खर्चाची वही दर तीन महिन्यांनी पालकांपुढे ठेवा. गणवेशाचा भार गरीब घराला पेलत नाही, म्हणून मोठ्या झालेल्या मुलांचे सदरे, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) परत घेऊन साठवा. स्वतःच्या खिशातून घालायची सवय लावून घेऊ नका. तुम्ही सोडलंत की पथक त्याच दिवशी बसतं.

सामानाची पेटी पत्र्याची घ्या, तळाला कडुनिंबाचा पाला, आणि दोऱ्या पूर्ण वाळल्याशिवाय आत नाहीत. नाहीतर श्रावणात उघडाल तेव्हा बुरशीची शेती दिसेल. झाकणाच्या आतून यादी चिकटवा. कुलपाला दोन किल्ल्या करून घ्या. एक तुमच्याकडे, दुसरी पहिल्या वर्षापासूनच सहाय्यकाकडे. सहाय्यक मिळाला नसेल तर तो शोधणं हे पुढच्या शनिवारच्या आतलं काम. आमचा सध्याचा सहाय्यक त्या पौर्णिमेच्या रात्री हुकूम देणारा पोरगा आहे. हल्ली तो वडिलांच्या होडीवर जातो आणि शनिवारी वेळेवर येतो, भरती असेल तर उशिरा.